जपान्यांचा ‘वा’ आणि आपला सलोखा



लागण, खोडवा, पाचट आणि उसाचा हप्ता या विषयांवर या पानांतून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. आज मात्र थोडे वेगळे लिहीत आहे. विषय जपानचा आहे. पण तो करमाडच्या शिवारापर्यंत आपल्या पायाने चालत आला आहे, म्हणून तो परका समजू नये ही विनंती.

करमाडहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की थोड्याच वेळात शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. शेजारीच ‘ऑरिक’ नावाची औद्योगिक नगरी उभी आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा ती भाग आहे, आणि या मार्गिकेसाठी भारत व जपान या दोन सरकारांत २००६ साली करार झाला होता. पुढे जपानच्या एका सरकारी बँकेने मार्गिकेच्या महामंडळात भागभांडवलही घातले. म्हणजे तुम्ही-आम्ही जसे कारखान्याचे भागधारक, तसे जपानी लोक आपल्या बांधापलीकडच्या कामाचे भागधारक झाले. करमाड, लाडगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. मावेजा आला. पक्की घरे झाली, गाड्या आल्या, मुलांची शिक्षणे झाली. आणि काही घरांत सख्खा भाऊ भावाच्या दारात पाऊल टाकीनासा झाला. जमीन होती तोवर जे भांडण पोटात होते, ते पैसा आल्यावर ओठावर आले.

याच औद्योगिक नगरीचा दुसरा भाग बिडकीनला आहे. तेथे मोटारींचा कारखाना काढण्यासाठी टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाशी करार केला. गुंतवणूक वीस हजार कोटींची. वर्तमानपत्रांनी या कागदाला ‘सामंजस्य करार’ म्हटले. अशा प्रत्येक कागदाला आपल्याकडे हेच नाव आहे, आणि ते वाचताना कोणी थबकत नाही. पण सामंजस्य म्हणजे काय, ते करार करून येते का, आणि जपानी माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण उद्या आपली पोरे त्यांच्या हाताखाली काम करणार, आणि आपल्या घरातली, भावकीतली भांडणे मात्र आपल्यालाच मिटवायची आहेत.

जपानी भाषेत सामंजस्याला ‘वा’ म्हणतात. आपल्याकडे गाणे आवडले की तोंडातून निघतो तो ‘वा’ हा नव्हे. आणि ‘हे वा ते’ यातलाही नव्हे. त्यांचे अक्षर मोठे गमतीचे आहे. डावीकडे धान्याच्या ताटाचे चिन्ह आणि उजवीकडे तोंडाचे. पंडित त्याचा अर्थ काय लावतात ते लावोत, शेतकऱ्याला तो सांगावा लागत नाही. धान्य आहे आणि खाणारे तोंड आहे, मग दोघांचा मेळ कसा घालायचा, हाच तर रोजचा प्रश्न आहे. वेरूळ-अजिंठ्याला जपानी यात्रेकरू येतात हे आपण जाणतोच. जपानच्या ज्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राने २०१३ साली मैत्रीचा करार केला, त्या प्रांताच्या नावातले पहिले अक्षरही हेच.

हा विचार जुना आहे. इसवी सन ६०४ मध्ये राजपुत्र शोतोकू याने सतरा कलमांची एक नियमावली केली असे जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात नोंदले आहे. पहिलेच कलम ‘वा’ची महती सांगते. लोक साधारणपणे तेवढेच ऐकतात आणि म्हणतात, बघा, जपानी कसे न भांडता राहतात! पण कलम तिथे थांबत नाही. वरच्याने आणि खालच्याने एकत्र बसून मोकळी चर्चा केली तरच गोष्टी मार्गी लागतात, असा त्याचा पुढचा आशय आहे. आणि शेवटचे, सतरावे कलम सांगते की मोठ्या बाबतीत एकट्याने निर्णय करू नये, अनेकांना विचारावे. सुरुवात मेळाने आणि शेवट विचारविनिमयाने. मधली पंधरा कलमे विसरली तरी चालतील, ही दोन टोके धरून ठेवावीत, असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, जपानी माणूस जन्मतःच शांत. हे काही खरे नाही. तिकडे भातशेतीच्या पाण्यावरून गावेच्या गावे एकमेकांवर धावून जात, डोकी फुटत. भाताला पाणी तुंबवून लागते, वरच्याने पाट अडवला की खालचा वाळला. यावर तोड काढताना त्यांनी पाळी बसवली. शिकोकू नावाच्या बेटावर कागावा हा कमी पावसाचा प्रांत आहे. तेथे हजारो तळी आहेत. त्यांतले मान्नो नावाचे मोठे तळे इसवी सन ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध आचार्याच्या देखरेखीखाली दुरुस्त झाले. या मुलखात दुष्काळात पाणी उदबत्तीवर मोजून देत. वाट्याप्रमाणे उदबत्ती लावायची. ती जळून संपली की तुमचा पाट बंद, शेजाऱ्याचा सुरू. घड्याळ नव्हते, पण पाण्याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर जळत होता. सामंजस्य असे तयार झाले. भांडणाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी मोजमाप मान्य केले, त्यातून ते आले.

आपल्याकडे हे नव्हते असे समजू नका. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. ऊस या वर्षी या फडात, पुढे दुसऱ्यात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे कोणाच्या एकट्याच्या नशिबी कायमचा ऊस नाही की कायमची कोरड नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सर्वांवर हवालदार. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला किती, हे पेरणीआधी सर्वांनी बसून ठरवायचे. तूट सर्वांची. पाटकऱ्याची मजुरी शेतकरीच देत, म्हणून तो कोणा एकाचा माणूस होत नसे. आज मोटारी आणि विहिरी वाढल्यावर ही पद्धत बरीच मोडली, ते दुःख वेगळे. पण एवढे दिसते की मेळाची कल्पना आपल्या मातीलाही नवी नाही.

जपान्यांचा एक शब्द मात्र आपल्याकडे नाही, आणि तो उसने घेण्यासारखा आहे. तो शब्द ‘नेमावाशी’. अर्थ अगदी बागाइतदाराचा आहे. मोठे झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल तर त्यांचे माळी एकदम कुदळ मारत नाहीत. सहा महिने, वर्षभर आधी खोडाभोवती गोल चर काढतात, काही मुळे राखतात, काही छाटतात, आणि माती परत भरतात. मग खोडाजवळ नवी बारीक मुळे फुटतात. झाडाला जणू आधीच सांगून ठेवलेले असते, बाबा रे, तुला हलवायचे आहे. त्यानंतर ते उचलले की नव्या जागी धरते. मोसंबीचे वाढलेले झाड उपटून लावायला कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. आणि तेच आपण घरात रोज करतो. बाप संध्याकाळी जेवताना सांगतो, ‘उद्यापासून वाटणी. हिरीकडचं थोरल्याला, खालचं धाकट्याला.’ कोणाला आधी विचारले नाही, कोणाची मुळे कुठवर गेली आहेत ते पाहिले नाही. मग झाड वाळले की म्हणायचे, सून वाईट आली!

जपानी कचेरीत, कारखान्यात या शब्दाचा अर्थ असा झाला आहे की सभेत विषय मांडण्याआधी ज्याच्या-ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याच्याकडे स्वतः जायचे, एकेकट्याचे ऐकायचे, हरकत समजून घ्यायची, ठरावात बदल करायचा, आणि मग सभा. कागदही टेबलावरून टेबलावर फिरतो आणि प्रत्येक जण आपला शिक्का उमटवतो. सभा दहा मिनिटांत आटोपते, कारण खरे काम आधीच्या महिन्यात झालेले असते. बाहेरच्यांना हे फार संथ वाटते. आणि हेही खरे की या नावाखाली चार बडे आतल्या आत ठरवून मोकळे होतात असे प्रकार तिकडेही घडतात. कोणतेही औत चांगले असते, पण ते धरणारा कोण यावर नांगरट ठरते.

टोयोटाच्या कारखान्यांची एक प्रसिद्ध रीत आहे. मोटारी जुळवण्याच्या साखळीजवळ एक दोरी टांगलेली असते. साध्यातल्या साध्या कामगाराला काही चुकते आहे असे दिसले तर त्याने ती ओढायची. प्रमुख धावत येतो, तेवढ्यात निभावले नाही तर साखळी थांबते, आणि दोरी ओढल्याबद्दल त्याला कोणी झापत नाही. आपल्याकडे केन कॅरिअर कोणी परस्पर थांबवला तर त्याचे पुढे काय होईल, हे तुम्हीच सांगा! पण मेळ याला म्हणतात. जिथे खालचा माणूस ‘थांबा’ म्हणू शकतो तिथेच तो इतर वेळी मनापासून ‘चालू द्या’ म्हणतो.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. जपानच्या जुन्या खेड्यांत ‘मुरा हाचिबु’ नावाची शिक्षा होती. शब्दशः अर्थ गावाचे आठ भाग. गावकीचे व्यवहार दहा मानले, तर त्यांतल्या आठांतून त्या घराला बाहेर काढायचे. राहिले दोनच, आग लागली तर विझवायला जायचे आणि मयत झाले तर माती द्यायला जायचे. तेही प्रेमाने नव्हे. आग पसरते आणि प्रेत कुजते म्हणून. लग्न, जन्म, आजारपण, घरबांधणी, पूर, सगळ्यांत त्या घराने एकटे राहायचे. गावाचा ‘वा’ राखण्यासाठी एका घराचा गळा आवळायचा, असा हा प्रकार.

हे वाचून कोणाला आपली ओळखीची वाट दिसली नाही? वाळीत टाकणे याहून निराळे काय होते? जातपंचायतींचे असले निवाडे इतके माजले होते की महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ पासून तो अमलात आहे, आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. म्हणजे एकोप्याच्या नावाने होणारा जुलूम ओळखायला आपल्याला तेवढी वर्षे लागली.

म्हणून मला जपान्यांची आंधळी वाहवा करायची नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की मेळ राखण्याची किंमत कोण देतो?

आपल्या बोलण्यात ‘जुळवून घे’ हा शब्द रोज येतो. तो कोणाला उद्देशून येतो ते जरा आठवून पाहा. सासूला कोणी म्हणत नाही, सुनेला म्हणतात. थोरल्याला म्हणत नाहीत, धाकट्याला म्हणतात. मालकाला नाही, सालगड्याला. मुकादमाला नाही, कोयत्याच्या बाईला. ज्याचा आवाज आधीच बारीक आहे त्यालाच तो आणखी बारीक करायला सांगायचे, आणि झालेल्या शांततेला एकोपा म्हणायचे, ही आपली जुनी खोड आहे.

सर्वांत मोठे उदाहरण आपल्या बहिणींचे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क दिला. २००५ साली केंद्राच्या कायद्याने तो सर्व देशभर आणि लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतः आहे हे आणखी स्पष्ट केले. कायदा इतका सरळ आहे. पण आपल्या भागात वारस लावताना काय होते? बहिणीला निरोप जातो, ‘ताई, सहीपुरतं ये, अर्ध्या तासाचं काम हाये.’ ती येते. तिला साडी मिळते, जेवण मिळते, आणि निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा किंवा सही होते. तिने का सही केली म्हणून विचारा. ती म्हणेल, ‘माहेर तुटायला नको. भाऊबिजेला दार उघडं राहावं.’ सही न करणारीचे माहेर तुटते, हे तिने गावात पाहिलेले असते. पूर्वीच्या जपानी खेड्याने आठ भाग तोडले; आपण बहिणीचे किती तोडतो ते प्रत्येकाने आपल्या घरापुरते मोजावे.

शेंद्रा-करमाडच्या बाजूला तर हे फार जाणवले. कोरडवाहू एकराला किंमत नव्हती तोवर बहिणीच्या सहीला कोणी विचारत नव्हते. संपादनाची नोटीस आली आणि एकाएकी सर्व बहिणी आठवल्या. बहिणीने हक्क स्वखुशीने सोडला तर तो तिचा मोठेपणा आहे, त्याला कोणी हरकत घेऊ नये. पण स्वखुशी कळणार कशी? तिला आधी बसवून, सातबारा वाचून दाखवून, ‘तुझा हिस्सा एवढा होतो, मावेजात तुझे एवढे होतील, आता तू सांग’ असे कोणी म्हटले का? म्हटले असेल आणि मग तिने सोडला असेल तर तो सलोखा. न सांगता सही घेतली असेल तर घरात शांतता आहे खरी, पण तिची किंमत बहिणीने भरली आहे.

शासनाचेही या बाबतीत दोन प्रयोग आपण पाहिले, आणि दोघांतला फरक समजण्यासारखा आहे. पहिला तंटामुक्त गाव मोहिमेचा. १५ ऑगस्ट २००७ पासून, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधींच्या नावाने ती सुरू झाली. गावातले तंटे गावातच समितीने मिटवावेत, आणि चांगले काम करणाऱ्या गावाला बक्षीस. हेतू उत्तम होता, आणि वर्षानुवर्षांच्या कज्ज्यांत घरे बसलेल्या पुष्कळांची त्यातून सुटका झाली. पण बक्षीस आले की तंटा दिसू नये अशी घाई होते. ‘गावाचं बक्षीस जाईल, माघार घे’ हे वाक्य ज्याला ऐकावे लागले, तो बहुधा दुबळाच पक्ष होता. असा मिटलेला तंटा राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो, पुढच्या पोळ्याला किंवा पुढच्या निवडणुकीला तो वर येतो.

दुसरा प्रयोग त्या मानाने फार कमी जणांना माहीत आहे, आणि त्याचे नावच ‘सलोखा’ आहे. शासनाने जानेवारी २०२३ मध्ये हा निर्णय काढला. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर मोडून गट पडले तेव्हापासून अनेक शिवारांत असे झाले आहे, की कागदावर गट माझ्या नावाचा पण वहिवाट तुझी, आणि तुझ्या नावाच्या गटात वहिवाट माझी. बाप-आजे समजुतीने कसत आले. नातवांनी सातबारा काढला आणि डोकी फिरली. कोर्टात जावे तर दोन पिढ्या जातात. रीतसर अदलाबदल करावी तर मुद्रांक शुल्कच एवढे, की परवडत नाही. या योजनेत अशा जमिनी एकमेकांच्या ताब्यात किमान बारा वर्षे असतील आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी. दोन हजारांत दोन घरांचा वाद संपतो. फक्त शेतजमिनीला ती लागू आहे. आधी दोन वर्षांची मुदत होती, नंतर ती वाढवली गेली. आज कोणत्या तारखेपर्यंत आहे ते तलाठ्याला विचारून घ्यावे.

मला ही योजना आवडली याचे कारण पैसे वाचतात एवढेच नाही. तिच्यात कोणाला गप्प बसायला सांगितलेले नाही. दोघांच्या ताब्यात काय आहे ते आधी पाहायचे, पंचनामा करायचा, शेजारच्या गटवाल्यांना विचारायचे, दोघांनी हो म्हणायचे, आणि मग कागद करायचा. माळ्याने चर खणला, मुळे पाहिली, मग झाड हलवले. नेमावाशी म्हणतात ती हीच, फक्त सरकारी भाषेत.

बांधाच्या भांडणाचेही तेच. दरवर्षी नांगरटीला तासभर बांध कोरायचा आणि दहा वर्षांनी बांधच नाही, ही आपल्याकडची रीत. रस्ता अडला की १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज. अर्ज करू नये असे मी म्हणत नाही. अडलेल्याने तो जरूर करावा, ती त्याची दोरी आहे. पण नांगरट सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, रान मोकळे असताना दोघांनी मिळून खुणेचे दगड पाहिले तर? मोजणीची फी निम्मी-निम्मी भरली तर? पेरणीच्या वाफशावर उभे राहून कोणताच बांध मिटत नाही, तेव्हा दोघांच्याही हातात काठी असते.

आता थोडे आपल्या उसाकडे. ऊसतोडीची पाळी ही आपली उदबत्तीच आहे. लागणीच्या तारखेप्रमाणे नोंद, नोंदीप्रमाणे तोड. हा क्रम सर्वांच्या डोळ्यांसमोर असेल तर आठ दिवस उशीर झाला तरी शेतकरी सोसतो. शेजाऱ्याचा नंतरचा ऊस आधी गेला आणि आपल्या उसाला तुरा आला, की मात्र त्याला कोणी ‘सहकारात समजून घ्यायचं असतं’ असे सांगू नये. टोळीला ‘खुशाली’ देऊन पाळी पुढे ओढणारा सभासद आणि ती घेऊ देणारी व्यवस्था, दोघे मिळून उदबत्ती मोडतात. ज्याच्याकडे अर्धा एकर ऊस आहे त्याच्याकडे द्यायला खुशाली नसते, आणि वजनातली घट सोसायला पाठबळही नसते. तोडणीची यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लागणे, आणि बदल झाला तर कारणासह लागणे, ही मागणी भांडखोरपणाची मानू नये.

आणि वार्षिक सभा! सहकारी संस्थांच्या सभा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. एक तर विषय वाचायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ होते, नाही तर माईक ओढाओढी. पहिल्या प्रकाराला एकोपा आणि दुसऱ्याला गोंधळ म्हणण्याची रीत आहे. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच, की सभेच्या आधी कोणी कोणाकडे गेलेले नसते. अहवाल घरी येतो तो ताकाच्या भांड्यावर झाकण होतो. संचालकांनी आपल्या गटातल्या प्रत्येक गावात अहवाल घेऊन एकदा पारावर बसावे, आकडे वाचावेत, विशेषतः ज्याचा एकच भाग आहे त्याला बोलते करावे. त्याची हरकत पटली तर विषयपत्रिकेत बदल व्हावा, आणि पटली नाही तर का पटली नाही ते त्याला तोंडावर सांगावे. सभासदांनीही सभेच्या दिवशी आवाज चढवण्यासाठी शिल्लक ठेवलेला प्रश्न पंधरा दिवस आधी कागदावर लिहून द्यावा. यात वेळ जातो, हे खरे. झाडाभोवती चर खणायलाही वेळ जातो.

सलोखा योजनेचा ज्यांना उपयोग आहे त्यांच्यासाठी जाता जाता. तलाठ्याकडे जाण्याआधी दोन्ही घरांनी सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढून एकत्र वाचावा. शेजारच्या गटवाल्यांना पंचनाम्याचा दिवस आधी कळवावा, ऐनवेळी सहीला धावपळ नको. सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील तर त्यांना फोनवर विचारले म्हणून भागवू नये. त्यांना गाडीभाडे देऊन बोलवावे, रानात नेऊन कोणता तुकडा कोणाकडे जातो ते दाखवावे, आणि सही त्या दिवशी नको, दुसऱ्या खेपेला घ्यावी.